नेम कशाचा धरायचा?

माझी भाची सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे आणि कथा लिहिते. रोज लिहिण्याचा नेम धरला तर त्याची मोजदाद ठेवावी का, असा तिचा प्रश्न होता. दिवाळीला ती माझ्याकडे आली तेव्हा त्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. तो संवाद इथे देते आहे, कारण हा पेच तिच्या एकटीचा नाही.

भाची : मावशी, तू रोज लिहितेस. शब्द मोजतेस का गं?

मावशी : नाही. तू मोजतेस?

भाची : मी नाही, माझा फोन मोजतो. ठरवलेले शब्द भरले की त्या तारखेला हिरवी खूण येते. लागोपाठ खुणा आल्या की साखळी वाढत जाते आणि एक दिवस चुकला की सगळं शून्यावर. सुरुवातीला उमेद यायची. आता नाइट लागली की पोटात गोळा येतो. फोनचा दिवस रात्री बाराला संपतो आणि माझा तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. मग ड्युटीला जाताना बसस्टॉपवर उभ्या उभ्या काहीबाही टाइप करते. खूण येते. पण त्याला लिहिणं म्हणायचं का?

मावशी : मग काढून टाक ते.

भाची : तिथेच तर अडलंय. त्याच्याआधी मी काहीच मोजत नव्हते. कुणी विचारलं की सांगायचे, लिहिते मी. खोटं बोलायचा हेतू नव्हता, मला खरंच तसं वाटायचं. एकदा वहीतल्या तारखा पाहिल्या तर दोन पानांच्या मध्ये अख्खा पावसाळा निघून गेलेला. मोजलं नाही की स्वतःची फसवणूक होते आणि मोजलं की आकडा भरण्यापुरतं लिहून होतं.

मावशी : मोजणाऱ्यांतला सगळ्यांत पक्का माणूस सांगते. अँथनी ट्रोलप. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरीला होता. तिकडे रस्त्यावर टपालपेट्या आल्या त्या त्याच्या सूचनेवरून, आधी चॅनल बेटांवर, १८५२ मध्ये. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचण्यात जायचा. रोज किती पानं झाली ते वहीत टिपायचा, म्हणजे रिकामा गेलेला दिवस डोळ्यांसमोर राहील. नोकरी सांभाळून लिहायला लागलेल्या या माणसाच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत.

भाची : आणि लोकांना ते आवडलं?

मावशी : नाही ना. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं. त्यात त्याने हे सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं. घड्याळ लावून लिहिणारा कसला कलावंत, म्हणून पुढे बरीच वर्षं त्याचं नाव खाली गेलं. मला हा न्याय मुळीच पटत नाही. कादंबरी वाचून ती कमी वाटली असेल तर तसं म्हणावं. लेखकाची दिनचर्या वाचून कादंबरीची किंमत ठरवू नये.

भाची : मावशी, पहाटे साडेपाचला त्याला उठवत कोण होतं?

मावशी : म्हातारा नोकर होता एक. कॉफी घेऊन यायचा. त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळायचे. आपल्या यशाचं सगळ्यांत मोठं ऋण त्याचंच, असं ट्रोलपने लिहून ठेवलंय.

भाची : बघ! घड्याळ मलाही विकत मिळेल. कॉफी आणणारा कुठून आणू? साडेपाचला मी पेशंटचं टेंपरेचर घेत असते, नाहीतर घरी कुकर लावत असते. आणि दुसरीकडे साने गुरुजी बघ. नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली. साखळी नाही, शब्दांचा हिशेब नाही. आतून आलं आणि लिहिलं.

मावशी : त्याच्या आदल्या वर्षी गुरुजी कुठे होते, ठाऊक आहे ना? धुळ्याच्या तुरुंगात. तिथे विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी १९३२ ला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावा अध्याय संपला. ती प्रवचनं टिपून घेतली साने गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या वेगानं, रविवारमागून रविवार. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळालं ते त्या टिपणांमुळे. पाच दिवस आपल्याला दिसतात, पण ते अठरा रविवार त्याच हातानं लिहिले होते.

भाची : हे तू जोडतेयस हं. टिपून घेतलं म्हणून कथा सुचली, असं कुठे आहे?

मावशी : सुचली असं म्हणतच नाही मी. आईची आठवण त्यांच्याजवळ होतीच, ती कुठल्याही नेमानं येत नाही. पण आठवण दाटून आली तेव्हा हात तयार होता, इतकं तरी मान्य करशील?

भाची : करते. पण मग तूही एक मान्य कर. ते रोजचं नव्हतं, आठवड्याचं होतं. आणि दोन्ही वेळा गुरुजी तुरुंगात होते. टिळकांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनं लिहून काढलं तेही मंडालेच्या तुरुंगात, १९१०–११ च्या हिवाळ्यात. तुरुंगाचे हाल काय असतील ते असतील, पण संध्याकाळच्या भाजीचं काय, असं तिथे त्यांना कुणी विचारत नव्हतं.

(इथे मी थांबले. तिचं म्हणणं खरं होतं. नियमित लेखनाचे जे दाखले आपण एकमेकांना देतो, त्यांतल्या बहुतेकांत लिहिणाऱ्याचा वेळ कुणीतरी राखलेला असतो. कधी नोकरानं, कधी बायकोनं, कधी तुरुंगाच्या भिंतीनं. दाखला देताना ते सांगायचं राहून जातं.)

भाची : मला कुणी तरी सांगितलं होतं, २१ दिवस रेटलं की सवय लागते. त्या भरवशावरच मी सुरुवात केली.

मावशी : तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ गळला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या सवयी आल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. तो छापून आला २०१० मध्ये. सवय मुरायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यम आकडा ६६ निघाला, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातला मोठा आकडा अर्थात गणितानं काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, असं त्यांना दिसलं.

भाची : म्हणजे शून्यावर आणणारी साखळीच मुळात चुकीची?

मावशी : तुझ्यासाठी तरी. पण जरा थांब. त्या लोकांनी सवयी कसल्या निवडल्या होत्या? जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, चालायला जाणं. पाणी विचार न करता पिता येतं. कथा विचार न करता लिहिता येईल का? लिहिण्याची सवय लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लागते ती बसण्याची. वही उघडली, कालचं वाचलं, टोपण काढलं, इथवर अंगवळणी पडतं. पुढचं वाक्य दर वेळी नव्यानंच शोधावं लागतं. आणि तुझा फोन नेमकं हे पुढचंच मोजतोय.

भाची : म्हणजे बसले की खूण?

मावशी : बसलीस की नोंद. पण नुसती हजेरी घेतली तरी फसवायला जागा राहतेच. तू वॉर्डात तक्ता भरतेस ना, तो कसा भरतेस?

भाची : टीपीआरचा? ताप, नाडी, श्वास. ठरलेल्या वेळी जायचं, मोजायचं, जे दिसेल ते लिहायचं. पेशंट एक्स-रेला गेला असेल तर तसं लिहायचं. मोजलं नसेल तर भरायचं नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात. अंदाजानं भरलेला आकडा कोऱ्या जागेपेक्षा वाईट. डॉक्टर त्यावरून औषध ठरवतात.

मावशी : ताप उतरला म्हणून पेशंटला शाबासकी देता?

भाची : शाबासकी कसली? तो त्यासाठी नसतोच. काय चाललंय ते कळावं म्हणून असतो... अच्छा.

मावशी : बोल.

भाची : मी तक्ता भरत नव्हते, बक्षीस गोळा करत होते. म्हणून कोरी जागा दिसली की ती शिक्षा वाटायची. खरं तर कोरी जागा हीच माहिती आहे. मग मी साधी वही घेते. तारीख, किती वाजता बसले, कुठे थांबले. नाही बसले तर का नाही बसले. पण मावशी, कारण लिहायची मुभा दिली की कारणं वाढत जातील. रोज एक सापडेल.

मावशी : सापडू दे. स्वतःच्या अक्षरात ‘कंटाळा आला’ हे लागोपाठ तीनदा लिहून बघ, चौथ्यांदा हात अडखळतो. आणि सगळी कारणं आळसाची निघतील असं तू गृहीत का धरतेस? महिन्यानं वही चाळ. खाडे कुठे पडले ते बघ. नाइटच्या आठवड्यात पडले असतील तर तो आठवडा आधीच मोकळा सोड, आणि रविवारचं काहीतरी ठरव, धुळ्यासारखं. पाहुणे आले त्या दिवशी पडले असतील, तर प्रश्न तुझ्या निश्चयाचा नाही, घराचा आहे. तो घरात मांडावा लागेल.

भाची : आणि लिहिलेलं बरं की वाईट, याचा रकाना?

मावशी : नको. त्या दिवशी ते कळत नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास अक्षर कसं काढावं यावर आहे. समर्थ तिथे वळणाबद्दल सांगतात, पानाच्या कडेला सोडायच्या जागेबद्दल सांगतात, आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकानं उतरलेलं वाटावं, अशी अपेक्षा ठेवतात. किती पानं रोज, हे तिथे येत नाही. हात स्थिर झाला आहे की नाही हे पानच सांगतं, पण त्यासाठी पुष्कळ पानं मागे पडावी लागतात.

भाची : तरी एक टोचतंच. नोंद ठेवायला लागले की मी लिहिताना स्वतःकडे बघत राहते. पहिल्या कथेच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा त्या वॉर्डातल्या आजीशिवाय काही डोळ्यांपुढे नव्हतं.

मावशी : म्हणून नोंद उठताना कर, बसताना नको. आणि दोन ओळींच्या पुढे नको. कथेपेक्षा नोंदवही जाड व्हायला लागली, तर ती बंद कर. याहून पक्का उपाय माझ्याजवळ नाही. स्वतःकडे बघणं थोडं उरतंच, आणि ते सोसून लिहावं लागतं.

भाचीनं फोनमधली साखळी काढून टाकली. वहीत ती आता नाइटच्या आठवड्यावर आधीच आडवी रेघ मारते. दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी अर्धा तास बसते, आणि तेवढा वेळ घरातलं दुसरं कुणीतरी कुकर लावतं. हे शेवटचं ठरवायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तुमच्या घरात कुणी लिहू पाहत असेल, तर आज किती लिहिलं हे त्यांना विचारू नका. त्यांचा अर्धा तास कोणता ते विचारा, आणि तेवढा वेळ घरचं काम तुम्ही बघा.