शेजारच्या घरातला अंधार



स्वतःच स्वतःचा दीप व्हा, असा उपदेश तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी केला. या उपदेशाचा काही जण सोयीस्कर अर्थ लावतात. शेजाऱ्याचे विजेचे बिल थकले, वीज तोडली गेली, की म्हणतात, "ज्याचा दिवा त्याने लावावा." हा धम्म आहे काय?

मुळीच नाही. सत्य स्वतः पारखा, असा त्या उपदेशाचा अर्थ आहे. शेजाऱ्याकडे पाठ फिरवा, असा नव्हे. विनयपिटकातील एक प्रसंग आठवा. एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग तथागतांनी भिक्खूंना बजावले, की तुम्हाला सांभाळायला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर कोण करणार?

हाच प्रश्न आज तुमच्यापुढे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्या मार्गाने येताना तुम्हीही गावकीचे जुने पाश तोडलेत. मग अडल्या वेळी नवा आधार कोण देणार?

खर्डीच्या मुलखाकडे पाहा. शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते. भातसा धरणावर वीज तयार होते. विजेवरच्या लोकल खर्डीवरून कसाऱ्याला धावतात. आणि याच भागात वीटभट्टीवर राबणाऱ्याचा रोजगार पावसाळ्यात थांबतो, बिल मात्र थांबत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन बंद होते. पुढे कित्येक महिन्यांचे बिल एकदम हाती पडले, तेव्हा राज्यभर गरिबांची झोप उडाली.

अशा वेळी तारेवर आकडा टाकण्याचा मोह होतो. ते अदत्तादान आहे, गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारेही आहे. पण हात न देता नुसते शील सांगणारा तरी धम्म पाळतो काय?

कोणी म्हणेल, "तो दारू पितो, त्याचे बिल आम्ही का भरावे?" दारू सोडविण्यासाठी त्याला अवश्य समजवा. पण अंधारात बसून अभ्यास करणारी त्याची मुलगी दारू पीत नाही!

मदत म्हणजे केवळ पैसा नव्हे. शिकलेल्या तरुणांनी बिल वाचून द्यावे, मीटरचा आकडा ताडून पाहावा, हप्त्यांसाठी अर्ज लिहून द्यावा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे घरोघर सांगावे. विहारात दर पौर्णिमेला थोडा निधी जमवून बिनव्याजी द्यावा. मात्र घेणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारू नये. माणसाला लहान करणारे दान ही जुन्या मालकाचीच रीत होय. मैत्री बरोबरीने देते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी, हा आग्रह त्यांनी धरला. विहारात त्यांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावाल, तेव्हा वस्तीतले कोणते घर अंधारात आहे, तेही पाहा.

जय भीम!