लागलं तर असू दे

‘पुरे’ हा शब्द मराठी माणूस फक्त पंगतीत उच्चारतो, आणि तिथंही तो कोणी मनावर घेत नाही. आपण पानावर आडवा हात धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि आपण ती खातो. खरेदीला निघालेल्या माणसाच्या तोंडून मात्र हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही. तिथं मंत्र चालतो तो ‘लागलं तर असू दे’ हा. या मंत्राच्या जोरावर आमच्या माळ्यावर दोन स्टोव्ह, चाळीस माणसांचं भाताचं पातेलं आणि एक तंबू जमा झाला आहे. आम्ही घरात दोघं. तंबू ठोकायला जागा नाही, कारण फ्लॅट डोंबिवलीत आहे.

याच मंत्रानं आमच्या घरात बारा कोअरांचा प्रोसेसर आणला.

त्याचं असं झालं. जुन्या नाटकांची चित्रणं, घरातल्या समारंभांच्या व्हिडिओ कॅसेट्स, असं सगळं मी एका दुकानातून संगणकाच्या फायलींत उतरवून घेतलं होतं. आमच्या टीव्हीला यातल्या निम्म्या फायली ओळखता येईनात. भाचा म्हणाला, "मामा, तू टीव्हीच्या खाली ठेवायला एक छोटा संगणक घे. नाटकं बघ, सिनेमे बघ, यूट्यूब बघ." आमच्या हिनं दोन अटी घातल्या: तो दिसता कामा नये आणि त्याचा आवाज येता कामा नये. (माझ्या मित्रमंडळींच्या बाबतीतही तिच्या याच दोन अटी आहेत.)

डोंबिवलीहून दादर, तिथं गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. मी साधासा प्रोसेसर मागितला, तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे, हॉटेलात नुसतं पाणी मागणाऱ्याकडे बघतात तसं पाहिलं. "काका, थोडे जास्त टाका. पाच वर्षं बघायला नको." मी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "लागलं तर असू दे." झालं! मंत्र कानावर पडला आणि माझा हात आपोआप खिशात गेला. बारा कोअर. वीज, कागदावर ६५ वॅट. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात, जोरात आला तर १८०. बारीक अक्षर वाचायचा चष्मा मी घरी विसरलो होतो.

हा प्रोसेसर आम्ही बसवला कशात, तर शंकरपाळ्यांच्या डब्याएवढ्या पेटीत. आतला बोर्ड १७ सेंटिमीटर लांब आणि १७ रुंद. हे माप व्हीआयए नावाच्या कंपनीनं २००१ साली काढलं आणि अजून चालू आहे. छोट्या डब्यात पंखाही छोटाच मावतो, आणि छोट्या पंख्याला मोठ्याएवढा वारा घालायचा तर फेरे फार मारावे लागतात. त्यामुळं त्याचा आवाज पातळ आणि उंच पट्टीतला, डासासारखा. डास निदान मारता येतो.

नाटकातली गाणी चालू असेपर्यंत काही कळायचं नाही. पण नटानं एखादी जागा घेतली, सभागृह शांत झालं, की त्या शांततेत आमचा पंखा ‘घूंऽऽ’ करून घुसायचा. ही म्हणायची, "काही नाही हो, तुमचे कान." माझे कान हा आमच्याकडे सर्वमान्य खुलासा आहे.

मग एका रात्री आम्ही मुलीच्या बारशाची कॅसेट लावली. १९८८ साल. तेव्हा ती भाड्याच्या व्हीसीआरवर पंचवीस नातेवाइकांच्या गोंगाटात एकदाच पाहिली होती. शूटिंगवाल्यानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणं सबंध कॅसेटवर हिंदी सिनेमाची गाणी चढवली होती. कोणी बोलतंय असं दिसतं आणि आवाज येतो तो किशोरकुमारचा. पण पाळण्याच्या शेजारी खुर्चीत माझी आई बसली आहे, हॅलोजनचा झोत तोंडावर आला म्हणून तिनं पदर डोळ्यांवर घेतला आहे, आणि ती काहीतरी म्हणते आहे, ती दहा-बारा सेकंदं तेवढी किशोरकुमारच्या तावडीतून सुटली होती. आई १९९६ साली गेली. तिचे फोटो भरपूर आहेत, आवाज एवढाच. ओठ हलत होते. पंखा गात होता. मी आवाज वाढवला तर कॅसेटची खरखर वाढली. एकदा, दोनदा, सहा वेळा लावून पाहिलं. "हेडफोन लावा," ही म्हणाली. पण ते एकट्यानं ऐकणं मला नको होतं.

त्या रात्रीपासून मी प्रोसेसर या विषयाचा अभ्यास सुरू केला. निवृत्त माणसानं अभ्यास सुरू केला की घरातले घाबरतात. पण मला त्यातून बरंच ज्ञान झालं.

पहिलं म्हणजे, सिनेमा पळत नाही. लहानपणी वडील माझी खाकी चड्डी वाढत्या अंगाची शिवायचे. पाचवीत शिवलेली चड्डी सातवीत मला बरोबर बसली, आणि त्याच आठवड्यात फाटली. तरीही वडिलांचं तत्त्व चूक नव्हतं. मी वाढतच होतो. सिनेमा वाढत नाही. बोलपट आल्यापासून तो सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. आपल्याकडचा टीव्ही आणि आमची कॅसेट २५. अगदी हौसेचं काही असलं तर ६०. अडीच तासांचं नाटक बारा कोअरांचा प्रोसेसर अर्ध्या तासात दाखवू शकत नाही, आणि दाखवलं तर ते बघणार कोण? हे काम पंगतीत वाढण्यासारखं आहे. जेवणाऱ्याच्या गतीनं वाढलं की वाढपी उत्तम. त्याहून वेगानं वाढणाऱ्याला काही लोक उत्साही म्हणतात. तो आमटी सांडतो.

दुसरं ज्ञान याहून चकित करणारं होतं. चित्रपटाची फाइल म्हणजे घडी घालून कोंबलेली ट्रंक. नायिकेनं भुवई उचलली तर भुवईच तेवढी टिपून ठेवायची. मागची भिंत पुन्हा कशाला? या घड्या घालायच्या पद्धती वेगवेगळ्या. २००३ सालची एच-२६४, २०१३ची एचईव्हीसी, २०१८ची एव्ही-१. आणि घडी उलगडायचं काम हे बारा कोअर करतच नाहीत! त्यासाठी प्रोसेसरच्या पोटात एक वेगळी, चिमुकली यंत्रणा असते. लग्नघरात फक्त पुरणपोळ्या लाटायला येणाऱ्या एक बाई असतात तशी. तिला दुसरं काही येत नाही. ती कोपऱ्यात बसते, कोणाशी बोलत नाही आणि दोनशे पोळ्या लाटून उठते. बाकीची तगडी मंडळी ओसरीवर पत्ते खेळत असतात. पैसे मी दिले होते ते पत्ते खेळणाऱ्यांचे.

म्हणजे विचारायचं असतं ते ‘तुझ्यात जोर किती?’ असं नव्हे, ‘तुला ही घडी उलगडता येते का?’ असं. २०१७ सालचा इंटेलचा ७७००के हा ९१ वॅटचा पहिलवान. पण एव्ही-१ ही पद्धत त्याच्या मागून आली, ती उलगडणारी बाई त्याच्या पोटात नाही. मोठं चित्र आलं की तो सगळ्या अंगाबळानं घडी उलगडत बसतो आणि घामाघूम होतो. उलट २०२३ साली आलेला एन-१०० बघा. चार बारके कोअर, कागदावर ६ वॅट (प्रत्यक्षात घाई झाली तर थोडे जास्त घेतो, पण कोण घेत नाही?), आणि त्याला एव्ही-१ येतं. सहा वॅट म्हणजे किती? आमच्या चाळीतला झीरोचा बल्ब नावाला झीरो होता, पण दहा-पंधरा वॅट खायचा.

मी हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, दोष प्रोसेसरचा नाही. काम नसलं की तो पण गप्प पडून असतो. मध्येच कसलं तरी अपडेट येतं, तो ताडकन उठतो, काम उरकतो, तापतो, म्हणून पंखा ओरडतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज जाते व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. शेवटचा थोडासा वेगच सगळ्यात महाग." हे मला लगेच पटलं. तीन पुरणपोळ्या पोटाला कळत नाहीत. चौथी रात्रभर बोलते. "तर आपण त्याला बायोसमध्ये मर्यादा घालू. ३५ वॅटच्या वर जायचं नाही म्हणून सांगू. जाणार नाही."

आणि खरंच, गेला नाही. पंखा जवळजवळ ऐकू येईनासा झाला. इथं माझ्यापुढं प्रश्न उभा राहिला, आणि तो संगणकाचा नव्हता. सामर्थ्य असून संयम पाळणं श्रेष्ठ, की सामर्थ्यच न बाळगणं? आपली सगळी पुराणं पहिल्या पक्षाची. क्षमा करणाऱ्याच्या हातात आधी काठी लागते. ज्याला कोणी मुलगीच दिली नाही त्याच्या ब्रह्मचर्याची आरती करत नाहीत. या हिशेबानं माझा मर्यादा पाळणारा बारा कोअरवाला म्हणजे ऋषी, आणि तो सहा वॅटचा नुसताच गरीब बापडा. मी आठ दिवस या ऋषीचा यजमान म्हणून छाती काढून वावरलो.

मग एक दिवस काही फायली एका पद्धतीतून दुसरीत बदलायच्या होत्या. पडद्यावर आलं, चाळीस मिनिटं. मला आठवलं, मर्यादा काढली तर हे पुष्कळ लवकर होईल. मी कसं ते पाहून ठेवलं होतं. काढली. काम झटपट झालं. वाचलेल्या वेळात मी काय केलं? खिडकीत उभा राहून समोरच्या इमारतीचं रंगकाम पाहिलं. मर्यादा परत घालायची होती. ती उद्यावर गेली, उद्याची परवावर. तिसऱ्या दिवशी रात्री आमच्या हॉलमध्ये पुन्हा डास आला.

त्यात एक गोष्ट मला टोचली. वाचलेली मिनिटं माझी होती. आवाज मात्र स्वेटर विणत बसलेल्या हिच्या वाट्याला आला होता, आणि पाळण्याशेजारी बसलेल्या आईच्या. आपल्याजवळच्या जास्तीच्या जोराचं असंच असतं का? मिरवायला आपण, आणि सोसायला खोलीतले बाकीचे? मला माझे ऑफिसातले एक साहेब आठवले. माणूस कर्तबगार, पण ते जागेवर असले की सबंध मजला त्यांच्या कर्तबगारीखाली कण्हत असायचा.

मला मधुमेह आहे. घरात श्रीखंड आणून ते न खाणं हा थोर मार्ग आहे हे मला मान्य आहे, आणि तो मी तीनदा अनुसरून पाहिला आहे. तिन्ही वेळा डबा धुवायला मीच टाकला. आता आम्ही श्रीखंड आणतच नाही. याला कोणी संयम म्हणू नये. पण माझी साखर मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

बारा कोअरवाला भाच्याला दिला. तो त्याच्यावर काही तरी खेळतो आणि सुखी आहे. मी एन-१००चा, पंखा नसलेला डबा आणला. भाचा म्हणाला, "पाच वर्षांनी सिनेमांची नवी घडी आली तर याला नाही उलगडता येणार." खरं आहे. दुकानदाराचंही खरं ठरेल कदाचित. पण पाच वर्षांनंतरचा तो गृहस्थ, पंचाहत्तरीचा, कान आणखी गेलेला, त्याच्यासाठी आजचा पंखा मी का ऐकायचा? त्याचं तो बघेल.

या डब्याचं ॲल्युमिनियमचं अंगच वळ्यावळ्यांचं आहे. आतली उष्णता तिथून निघून जाते आणि वरचा भाग कोमट राहतो. फायली बदलायला हा पुष्कळ वेळ घेतो. तेवढ्यात मी चहा करतो. ‘दिसता कामा नये’ ही अट हिनंच मागं घेतली. डिसेंबरात विरजण लागत नाही म्हणून ती रात्री दह्याचं भांडं त्याच्यावर ठेवते. मी कपाळाला हात लावला. दही मात्र घट्ट लागतं.

पहिल्याच रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, आम्ही कॅसेट लावली. छताचा पंखासुद्धा बंद केला. आईनं पदर डोळ्यांवर घेतला. पहिल्या वेळी मला ‘मुलाला’ एवढंच कळलं. दुसऱ्या वेळी हिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघांनी ते स्पष्ट ऐकलं. बारशातल्या बाळाबद्दल नव्हतं, आमच्याबद्दलही नव्हतं. ती कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाकडे तरी बघून हळूच म्हणत होती, "अगं, सकाळपासून उभाय तो. त्या मुलाला कोणी जेवायला वाढलं का?"

"वाढलं होतं ना?" मी हिला विचारलं.

"मी बाळंतीण होते हो. तुम्हाला माहीत असणार."

मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला, तिलाही आठवत नाही. कॅसेट शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. पंगत आहे, जिलबी आहे, आडवे हात आहेत, मीही आहे. शूटिंगवाला कुठंच दिसत नाही. तो दिसणार कसा?