माप बदलू द्या

बाळंतपण, वजनातली चढउतार, रजोनिवृत्ती... प्रत्येक टप्प्यावर शरीर बदलतं; ब्राचं माप मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. खांद्यांवर वळ उठतात, पाठीवरचा पट्टा वर सरकतो आणि आपण मुकाट्यानं सोसतो. खरं तर मुख्य भार खांद्यांनी नव्हे, छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. तो पुढून-मागून एका रेषेत बसावा, आत जेमतेम दोन बोटं जावीत. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक सैलावलं की आतले हुक कामी येतात. दुकानात संकोचापोटी जुनाच नंबर सांगू नका. आज टेप घ्या, छातीचा आणि छातीखालचा घेर मोजा. शरीर बदलणं स्वाभाविक आहे. त्यापायी दुखणं अंगावर काढू नका.