सात जन्मांची गाठ सुटते, वीस वर्षांची सुटत नाही

सप्तपदीने बांधलेली गाठ कुटुंब न्यायालय सोडवू शकतं. त्याच दोघांनी गृहकर्जाच्या कागदांवर केलेल्या सह्या मात्र त्याला पुसता येत नाहीत. घटस्फोटाच्या समझोत्यात, म्हणजे कन्सेंट टर्म्समध्ये, ‘फ्लॅट पत्नीचा, हप्तेही तीच भरेल’ असं लिहिलं, तरी बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 43 नुसार ती दोघांपैकी कुणाकडेही पूर्ण थकबाकी मागू शकते. नातं संपलं, मग देणं कसं उरतं, असा प्रश्न पडतो. माझ्या मते ते उरायलाच हवं. दोघांनी मिळून तिसऱ्याला दिलेला शब्द त्यांच्या आपसातल्या बेबनावाने मोडत नाही. म्हणूनच जो घर ठेवतो, त्याच्यावर एक जादा कर्तव्य येतं: घर सोडणाऱ्याला त्या शब्दातून मोकळं करण्याचं.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचा व्यवहाराध्याय नवऱ्याचं कर्ज बायकोवर सरसकट लादत नाही. तिने स्वतः कबूल केलेलं, नवऱ्यासोबत काढलेलं किंवा एकटीने घेतलेलं, तेवढंच ती देणं लागते. तिचं कर्ज नवऱ्यावर येतं ते सहसा कुटुंबासाठी काढलेलं असेल तरच. स्त्रियांच्या बाबतीत स्मृतींचा हात एरवी आखडताच असतो, पण इथे त्यांनी नात्यापेक्षा संमती आणि हेतू पाहिला. ‘माझी सही नावापुरती, कर्ज जास्त मिळावं म्हणून घेतलेली’ ही तक्रार याच कसोटीवर घासावी. त्या सहीच्या भरवशावरच बँकेने पैसे दिले, त्यामुळे बँकेपुढे तक्रार टिकत नाही. जोडीदारापुढे मात्र ती टिकू शकते, कारण आपसात कुणी किती सोसायचं हा वेगळा हिशेब आहे.

त्या हिशेबात सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं ते ‘हप्ते मी भरले’. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत धरा. हप्ता साधारण 43,400 रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले 35,400 व्याजातच जातात. पाच वर्षांत 26 लाख भरून मुद्दल सहा लाखांनीही कमी होत नाही. उरलेले वीस लाख कुणाचे? ते त्या छपराखाली दोघांनी एकत्र काढलेल्या दिवसांचे. ज्याच्या खात्यातून गेले त्याला ते परत मागता येऊ नयेत. शिवाय एकाने पगार आणला तेव्हा दुसऱ्याने घर चालवलेलं असतं. गृहिणीच्या श्रमांतूनही मालमत्ता उभी राहते, हे मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये मान्य केलंच आहे. वाटणी व्हावी ती घराच्या आजच्या किमतीतून शिल्लक कर्ज वजा जाता उरणाऱ्या रकमेची.

‘ज्याने संसार मोडला त्यानेच फेडावं’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण कर्ज म्हणजे दंड नव्हे. अन्यायाची दाद पोटगीच्या आणि भरपाईच्या वाटेने मागावी. हप्ता थांबवून सूड घ्यायला गेलं तर 90 दिवसांत खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो आणि मागोमाग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते. लिलावात कमी पैसे आले तर तूटही दोघांच्याच माथी.

तेव्हा परस्पर संमतीने वेगळे होत असाल, तर सेकंड मोशनच्या, म्हणजे घटस्फोटाच्या अर्जाच्या दुसऱ्या टप्प्याच्या, आधी ठरवा: घर ठेवणाऱ्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, आणि त्याचं उत्पन्न बँकेला अपुरं वाटलं तर घर विकायचं. दुसऱ्याचं नाव वगळल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका.