इंजिनचं बूच

गाडीच्या इंजिनच्या ब्लॉकला कडेनं पत्र्याची गोल बुचं बसवलेली असतात. गॅरेजवाले त्यांना कोअर प्लग म्हणतात. आकारानं रुपयापेक्षा मोठी, खोलगट, डबीच्या लहान झाकणासारखी. बहुतेक पोलादी पत्र्याची, काही पितळेची. ब्लॉकच्या आत पाणी खेळत असतं, ते बाहेर येऊ द्यायचं नाही एवढंच त्यांचं काम. वीस-वीस वर्षं गाडी हाकणाऱ्याला ही बुचं ठाऊक नसतात. ठाऊक होतात ती गळायला लागल्यावर.

माझी पिकअप जुनी. माझ्याकडे आली तेव्हाच तिनं दोन मालक बघितले होते. डाळिंबाचे क्रेट सांगोल्याच्या बाजाराला न्यायचे, येताना खताच्या गोण्या आणायच्या, रात्री-अपरात्री कुणाला पंढरपूरच्या दवाखान्यात पोचवायचं, हे सगळं तिच्यावर. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटरमधलं पाणी रोज तांब्याभर कमी व्हायला लागलं. पाइप बघितले, पंप बघितला, रेडिएटर बघितला, सगळं कोरडं. शेवटी मिस्त्री गाडीखाली शिरला. स्टार्टरच्या मागं ब्लॉकवर तांबूस ओघळ वाळलेला होता. बूच गळत होतं.

बूच स्वस्त, चहा-नाष्ट्याच्या पैशात येतं. पण तिथपर्यंत हात पोचवायचा तर अर्धा दिवस जातो. गाडी गार होऊ दिली, पाणी सोडलं, बॅटरीची वायर काढली, स्टार्टर उतरवला. मग मिस्त्रीनं बुचाच्या एका कडेवर छिन्नी ठेवून हातोडीनं बेतानं ठोके दिले. मधोमध मारलं तर बूच आत पडतं आणि मग काढता काढता जीव जातो. कडेला मारलं की ते भोकातल्या भोकात आडवं फिरतं. ते पकडीनं धरून ओढून काढलं. मागोमाग लाल गाळ आला. बूच हातात घेऊन बघितलं तर बाहेरून धड होतं आणि आतल्या बाजूनं गंजून पापडासारखं पातळ झालेलं. नखानं दाबलं तर नख आरपार गेलं.

माझा पुतण्या सैन्यात ड्रायव्हर आहे, तो सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "तात्या, हे बूच मुद्दाम कच्चं ठेवतात. आमच्याकडं लडाखला थंडीत पाणी गोठतं, गोठलं की फुगतं. मग हे बूच उडतं आणि ब्लॉक वाचतो. म्हणून तर त्याला फ्रीज प्लग म्हणतात. त्याचा जन्मच त्यासाठी."

मिस्त्री भोकाची कड पॉलिश पेपरनं घासत होता. तरुणपणी तो कोल्हापूरला शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. तो म्हणाला, "लोक तसं म्हणतात खरं, पण तसं नाय. ब्लॉक ओततात तवा आत पाण्याला पोकळी पाहिजे. म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवायचा. तो गाभा धरून ठेवायला आणि लोखंड गार झाल्यावर वाळू बाहेर काढायला भोकं लागतात. काम झालं की भोकं बुजवायची. हे बूच त्या भोकाचं. गोठलेल्या पाण्यानं कधी ते निघून येतं, ही गोष्ट निराळी. आणि कैकदा बूच जागच्या जागी राहतं न् ब्लॉकच तडकतो."

पुतण्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतं, त्या जोरानं बूच निघतं, हे खरं. पण 'निघतं' आणि 'निघण्यासाठीच ठेवलंय' यात फरक आहे. कुणीतरी ते निघालेलं बघितलं, ब्लॉक वाचलेला बघितला आणि बुचाच्या जन्माची कथा रचली. ती इतकी पटली की नावही तेच पडलं. मिस्त्रीनं नव्या बुचाला सोल्युशन लावलं, मापाचा सॉकेट त्यात धरून सरळ ठोकून बसवलं. बाकीचीही वाजवून बघितली. त्यातलं एक बसक्या आवाजाचं निघालं, तेही बदललं. कूलंट भरून गाडी चालू केली. थेंब थांबला. माझ्या डोक्यातलं मात्र थांबलं नाही.

कारण हीच कथा आपण माणसांबद्दल रोज सांगतो. घरात एक कुणीतरी मोडतं आणि बाकीचे वाचतात. मग वाचलेले म्हणतात, "ती मुळातच सोशिक." "त्याचा स्वभावच तसा." वाड्यावर पंचवीस वर्षं राबलेल्या सालगड्याबद्दल मालक असंच बोलतो. शहरात नोकरीला लागलेले भाऊ गावी राहिलेल्या भावाबद्दल असंच बोलतात. भोक होतं, ते बुजवायला त्याला तिथं ठोकलं, हे कुणी म्हणत नाही.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाचवीत होतो आणि आक्का आठवीत. विहिरीनं तळ गाठला, एक बैल विकला, एक मेला. रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायला जायची. एका मजुरीत भागेना, म्हणून आक्काची शाळा सुटली. हातोडी तिच्या हाताला जड होती. दिवसभर खडी फोडायची, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हा तिघा भावांना आणायची. घरात रेशनच्या लाल मिलोची भाकरी. दुष्काळ सरला, पाऊस आला, आम्ही शाळेत जातच राहिलो. आक्काला पुन्हा शाळेत कुणी पाठवलं नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मी दहावी झालो, धाकटा मास्तर झाला, मधल्याला दूध संघात नोकरी लागली. घरात सगळे म्हणायचे, "आक्का म्हणजे गाय. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही."

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्यासाठी सोसणं हा मोठा गुण आहे, त्याला तुम्ही बुचाच्या पंक्तीला काय बसवता? मला तो गुण मान्य आहे. पण तो गुण केव्हा म्हणायचा? त्या माणसाला नाही म्हणायची जागा होती, तरी त्यानं हो म्हटलं, तेव्हा. आक्काला कुणी विचारलंच नव्हतं. दुष्काळात आईबापाला तरी दुसरा मार्ग कुठं होता? त्यांना मी बोल लावत नाही. पोटाला नव्हतं, त्यांनी हाताला येईल ते केलं. माझं म्हणणं पुढचं आहे. दुष्काळ गेल्यावरही आपण ती कथा चालू ठेवतो, कारण ती सोयीची असते. कुणी सोसायलाच जन्मलं असं एकदा ठरवलं, की त्याचं काही देणं लागत नाही. बूच गंजलं तर पत्रा हलका होता म्हणायचं. आत वर्षानुवर्षं बोअरचं क्षारट पाणी कुणी ओतलं, ते विचारायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर वडिलार्जित रानाची वाटणी काढली. नऊ एकर. 2005 च्या कायद्यानं वडिलार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, पण गावोगाव काय चालतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. बहिणीला साडी-चोळी करायची, गाडीत घालून तालुक्याला न्यायचं, हक्कसोडीवर सही घ्यायची. मधला म्हणाला, "आक्काला काय, निरोप दिला की येईल. ती कुठं काय मागतीय?" मी म्हणालो, "मागती का नाही, ते आधी विचारू. कागद करून मग विचारायचं नाही." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मास्तर म्हणाला, "विचारून बघ, ती हसंल."

आक्का हसली नाही. अंगणात शेंगा फोडत होती. ऐकून घेतलं, सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या आणि म्हणाली, "नऊ एकर, वाटणीदार चार. माझं सव्वादोन. विहिरीच्या अंगाचं द्या, पाण्याविना रान घेऊन काय करू?" आठवीपर्यंत ती गणितात वर्गात पहिली यायची, हे मला तेव्हा आठवलं.

घरात मोठा गहजब झाला. मधला महिनाभर बोलला नाही. विहीर सामाईक ठेवायची, पाण्याची पाळी बांधायची, असं ठरलं आणि सव्वादोन एकर मोजून आक्काच्या नावावर चढवलं. त्यात तिनं यंदा तूर केली आहे. यानं तिची शाळा परत आली असं मी म्हणणार नाही. ज्या वर्षी तिच्या हातात पाटी हवी होती, त्या वर्षी हातोडी होती. त्याची भरपाई कुठल्या उताऱ्यावर होत नाही. हक्काचं रान देणं म्हणजे उपकारही नव्हे, कायद्यानं तिचंच होतं ते.

एक फरक मात्र झाला. आमच्या घरात आता कुणी आक्काला गाय म्हणत नाही. मास्तर म्हणतो, "म्हातारपणी आक्का लई हट्टी झालीय." मला हा शब्द आवडतो. हट्टी माणसाला निदान विचारावं तरी लागतं.