जंतूंनीं केलेली शुद्धि

नागपूर जिल्ह्यांत, सावनेर तालुक्यांतील गुमगांव येथें मँगनीजची जुनी खाण आहे. खाणींतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगांवर पूर्वीं गवतही धड रुजत नसे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्या मातींत साखरकारखान्यांची मळी आणि अनुकूल जंतु व बुरशी मिसळून तेथें सागासारखीं झाडें उभीं केलीं. हें काम स्तुत्य आहे, याविषयीं दुमत होणार नाहीं. आमची शंका निराळीच आहे.

हल्लीं जंतूंकडून याहूनही मोठ्या अपेक्षा केल्या जातात. कांहीं जंतूंच्या अंगीं अशीं विकरें, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारीं प्रथिनें, असतात कीं, मुलामा देण्याच्या कारखान्यांतून वाहून आलेल्या अतिविषारी षट्संयुजी क्रोमियमचें तीं पुष्कळच सौम्य अशा त्रिसंयुजी क्रोमियममध्यें रूपांतर करितात. तेल किंवा मैला जंतूंनीं खाल्ला म्हणजे त्याचें अखेर बव्हंशीं पाणी व वायु होतात. धातूचें मात्र तसें नाहीं. मूलद्रव्य कोणाच्याही पोटांत जिरत नाहीं. सौम्य झालेलें क्रोमियम त्याच मातींत राहतें, आणि तींत मँगनीजचें ऑक्साइड असेल तर पुन्हां विषारी होऊं शकतें. (आमच्या या मँगनीजच्या मुलखांत हें विसरून चालणार नाहीं!) पाऱ्याची गोष्ट तर याहून मासलेवाईक. विकराच्या योगानें पाऱ्याच्या क्षारांचा मूळ पारा होतो, त्याची वाफ होते, आणि ती जंतूच्या शरीरांतून निसटून हवेंत जाते. जंतूचें घर स्वच्छ झालें खरें. पण तो वारा ज्याच्या अंगणावरून वाहतो, त्याला कोणीं विचारलें?

मागील पिढ्यांनीं जें टाकून ठेविलें, त्यावर हा उपाय अवश्य योजावा. परंतु प्रायश्चित्ताची सोय आधीं पाहून मग जो पाप करितो, त्याच्या प्रायश्चित्तास आम्ही खर्चाची एक बाब म्हणूं. हा प्रश्न केवळ वादापुरता नाहीं. जुलै २०२२ मध्यें कोराडी वीजकेंद्राच्या खासाळा येथील राखतलावाचा बांध फुटला व राखेचें पाणी शेतांत शिरलें. दगडी कोळशाच्या राखेंत आर्सेनिक, शिसें यांचे अंश असतात. ‘जंतु हें सारें निस्तरतील’ असें त्या शेतकऱ्यास सांगण्याचा धीर आम्हांस तरी होणार नाहीं.

मग वीज नको काय, असें कोणी विचारील. आणि तो आक्षेप खोटा नाहीं. आम्ही हें लिहितों तो दिवाही कोळशाच्याच विजेवर जळत आहे, आणि त्याची राख कोठें जाऊन पडते, हें आम्हीं अद्याप एकदांही जाऊन पाहिलेलें नाहीं.