अनुमानाची उपाधी

जे कोणी पाहिले नाही, ज्याचा लेखी दाखला कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही, त्याविषयी झालेल्या ज्ञानाला प्रामाण्य कोठून येते, हा नैयायिकांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न इंडो-युरोपीय भाषांच्या मूलस्थानाविषयीची वृत्ते वाचताना मला फार निकडीचा वाटतो.

२०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १०३ भाषांच्या शब्दसंग्रहावर संख्याशास्त्रीय गणित करून या भाषाकुलाचा उगम आठ ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वी अनातोलियात झाला, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि बातम्यांनी लागलीच इंग्रजीचे जन्मस्थान तुर्कस्तानात नेऊन ठेवले. पुढे २०१५ साली ‘लँग्वेज’मध्ये चँग व त्यांचे सहकारी यांनी त्याच जातीच्या गणिताने सुमारे साडेसहा हजार वर्षांचा काळ काढला, जो काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेश हे मूलस्थान मानणाऱ्या पक्षाला अनुकूल होता.

हा फरक पडण्याचे प्रमुख कारण असे की, लॅटिन ही इटालियन, फ्रेंच इत्यादी भाषांची साक्षात जननी आहे, असे बंधन पहिल्या गणितावर नव्हते. लॅटिन त्यांची मावशी ठरली, की खरी जननी तिच्याही मागे सरकते, लेकींतील बदल अधिक काळावर पसरतात, बदलाची गती मंद भासते, आणि त्या मंद गतीने मोजत गेले म्हणजे कुलाचे मूळ आणखी प्राचीन ठरते. चँग यांनी लॅटिनला आणि आपल्याकडील वैदिक संस्कृतालाही जननीचे स्थान दिले. गती वाढली आणि मूळ अलीकडे आले.

अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्यास नैयायिक विचारतो, इंधन ओले आहे काय? ही उपाधी, म्हणजे अनुमान ज्यावर अवलंबून आहे ती अट, वगळली की अनुमान सदोष होते. वृत्तांत वर्षे आली, नकाशावरचे बाण आले, पण इंधनाची विचारपूस बहुधा राहून गेली. जागेची टंचाई ही सबब मला मान्य नाही, कारण जेथे लोक आपल्या कुळाचा आणि धर्माचा अभिमान गुंतवितात, तेथे अटीवाचून दिलेला आकडा श्रद्धेचाच विषय होऊन बसतो. वैदिक आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, हा लोकमान्य टिळकांचा १९०३ सालचा सिद्धान्त आज विद्वानांस मान्य नाही. तरी त्यांनी आपली प्रत्येक पायरी वाचकापुढे तपासणीस ठेवली होती.

२०२३ साली ‘सायन्स’मध्येच १६१ भाषांचे नवे गणित आले. त्यातील कुलाच्या वयाचा मध्यक सुमारे ८,१०० वर्षे. परंतु संभाव्य मर्यादा ६,७४० पासून ९,६१० वर्षांपर्यंत असल्याचे त्याच लेखात नमूद आहे. बातम्यांत प्रामुख्याने ८,१०० हाच आकडा फिरला.